खऱ्या विवाहाची खूण : एका नोटिशीच्या निमित्ताने

समीक्षा ही काव्याची, नाटकाची वा कादंबरीची करावयाची असते, ही समजूत आपल्या विभागांत इतकी रुजलेली आहे की, एखाद्या सरकारी नोटिशीवर समीक्षालेख लिहिणाऱ्याने आरंभीच क्षमा मागून ठेवणे बरे. तथापि प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, गेल्या वर्षभरात त्याने ती अकरा पाने जितक्या वेळा आणि जितक्या बारकाईने वाचली, तितक्या बारकाईने कोणताही काव्यग्रंथ अलीकडे वाचलेला नाही. ही नोटीस म्हणजे एका वाचकाने केलेले वाचन आहे. एक स्त्री, एक पुरुष आणि त्यांचा विवाह ही त्या वाचनाची संहिता. आणि ही संहिता बनावट आहे, हा त्याचा निष्कर्ष. निष्कर्षाशी माझा मतभेद आहे हे उघडच आहे, कारण ती स्त्री माझी भाची आहे. परंतु तो मतभेद नात्यापोटी आहे की वाचनाच्या पद्धतीपोटी, हे तपासून पाहावे या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. हट्टा हे माझ्या आक्काचे सासर. वसमत तालुक्यातले, पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेले आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात गेलेले गाव. आक्काची मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेली. शिक्षण पुरे होत आले तेव्हा वडीलधाऱ्यांनी सोयरीक पाहिली. मुलगा जन्माने परभणीकडचाच. प्राथमिक शाळा गावी झाल्यावर आईवडिलांबरोबर तिकडे गेलेला आणि पुढे तेथील नागरिक झालेला. लग्नापूर्वी दोघांची भेट दोनदा झाली व दोन्ही वेळा घर माणसांनी भरलेले होते. डिसेंबरच्या सुटीत हट्ट्यास मांडव पडला, हळद लागली, अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या. परत गेल्यावर पतीने पत्नीच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज केला. मुलाखतीच्या वेळी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारण्यात आले. आणि काही महिन्यांनी नोटीस आली की, हा विवाह वास्तव्याचा हक्क मिळविण्यासाठीच केलेला दिसतो, तरी अर्ज का नाकारू नये याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे.

येथे पणाला काय लागले आहे ते आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या कायद्यात एखाद्या व्यक्तीचा विवाह स्थलांतरासाठी केलेला बनाव आहे असे एकदा ठरले की, त्या व्यक्तीसाठी पुढे कोणीही केलेला असा अर्ज मंजूर होत नाही. मग नवा विवाह कितीही खरा असो. या निर्णयास मुदत नाही. फौजदारी बाजूने पाहिले तर पाच वर्षांपर्यंत कारावास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड अशी तरतूद आहे. म्हणजे वाचकाने संहिता चुकीची लावली तर तिच्यातील पात्रांना ते आयुष्यभर भोगावे लागते. आपण वर्गात एखाद्या ओवीचा अर्थ चुकवितो तेव्हा इतके काही बिघडत नाही.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप जन्मतारखेचा. पत्नीला पतीची जन्मतारीख विचारली असता तिने श्रावणातली, म्हणजे ऑगस्टमधली तारीख सांगितली. कागदावर १ जून आहे. ज्याने मराठवाड्यातील प्राथमिक शाळेचे हजेरीपुस्तक एकदा तरी चाळले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मुलाचे नाव घालावयाचे, वय सहा भरलेले दाखवावयाचे, बापाला तारीख आठवत नाही. गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात. आपल्या भागात एका वर्गातील निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, तो यामुळे. आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, हे जोडपे जर ठगांचे असते तर पत्नीने कागदावरची तारीख पाठ केली असती. तिने सांगितली ती सासूने सांगितलेली, घरात ओवाळले जाते ती तारीख. तिचे उत्तर चुकले ते ती घरची आहे म्हणून चुकले. अधिकाऱ्याने मात्र नेमका उलट अर्थ लावला.

दुसरा आक्षेप नावाचा. लग्नपत्रिकेत एक नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यात तेच नाव; परंतु सासूने लिहिलेल्या पत्रांत दुसरेच. ताटात तांदूळ पसरून त्यावर वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. सासरचे नाव घरापुरते राहते, माहेरचे पारपत्रावर. परक्या वाचकास ही दोन माणसे वाटली तर त्यास फार दोष देता येणार नाही. दोष असेल तर तो विचारले नाही एवढ्यापुरता.

तिसरा आक्षेप मला वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रश्न असा होता : लग्नाची मागणी कोणी, कोठे आणि कशा रीतीने घातली? पती म्हणाला, "मी घातली नाही." पत्नी म्हणाली, "माझ्या मामांनी त्यांच्या काकांशी बोलणे केले." नोटीस म्हणते की, उभय पक्ष आपल्या प्रणयाचा क्रम सांगू शकले नाहीत. येथे वाचकाने संहितेचा प्रकारच ओळखलेला नाही. त्याने शोकांतिका म्हणून प्रहसन वाचले, किंवा अधिक नेमके सांगावयाचे तर कुळकथा ही आत्मकथन म्हणून वाचली. ज्या कथेत नायक-नायिका एकमेकांची निवड करतात त्या कथेचे संकेत हाती धरून, ज्या कथेत दोन घरे एकमेकांची निवड करतात तिचे मोजमाप घेतले. छायाचित्रांविषयीचा शेराही याच जातीचा आहे. छायाचित्रांत वधू हसत नाही, वर दुसरीकडे पाहतो आहे, दोघे एकटे कोठेच नाहीत. हट्ट्याच्या मांडवात वधू दात काढून हसली असती तर आक्काला पुढची दहा वर्षे बोलणी खावी लागली असती!

चौथा आक्षेप, दोघे वर्षभर वेगवेगळ्या शहरांत राहिले हा. तिची नोकरी एका गावी, त्याची दुसऱ्या गावी. आणि आणखी एक, पाचवा आक्षेप आहे. तो मी मुद्दाम मागे ठेवतो.

या वाचनाच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते अमेरिकन न्यायालयांनीच घालून दिलेले आहे, आणि ते मूर्खपणाचे नाही हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७५ मध्ये तेथील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने बार्क खटल्यात असा निकष सांगितला की, विवाहसमयी उभयतांचा एकत्र आयुष्य उभे करण्याचा हेतू होता काय, हे पाहावयाचे. नंतरचे वर्तन त्या क्षणीच्या हेतूवर प्रकाश पाडते तेवढ्यापुरतेच विचारात घ्यावयाचे. नुसते वेगळे राहणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. आणि परकी माणसाचा विवाह देशी माणसाच्या विवाहापेक्षा अधिक रूढ वा अधिक यशस्वी असला पाहिजे, अशी मागणी करता येत नाही. हे शेवटचे वाक्य नोटीस लिहिणाऱ्याने वाचले असते तर चौथा आक्षेप त्याने लिहिला नसता असे वाटते.

तथापि मुख्य प्रश्न हेतूचा आहे. येथे एक गमतीची गोष्ट नजरेस येते. १९४६ मध्ये विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकन पंडितांनी कृतीचे मोल कर्त्याच्या हेतूवरून ठरविणे हा समीक्षेतील दोष होय, असे प्रतिपादन केले, आणि पुढच्या पिढीतील समीक्षकांनी ते जवळजवळ सूत्रासारखे मानले. कर्त्याचा हेतू उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो, असे त्यांचे म्हणणे. त्याच देशात, त्याच काळात, विवाह नावाच्या कृतीची परीक्षा मात्र कर्त्याच्या हेतूवरच टिकून राहिली. कवितेच्या बाबतीत जे अज्ञेय ठरले ते अर्जदाराच्या बाबतीत दीड तासाच्या मुलाखतीत ज्ञेय ठरते. न्यायालयाला हेतू टाळता येत नाही हे खरे. चोरी आणि उसनवारी यांतील भेद हेतूचाच असतो. परंतु विवाहाचा हेतू एकेरी असतो, हे कोणी सांगितले?

१९५३ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या लुटवाक खटल्यात हा प्रश्न उघडपणे उभा राहिला होता. महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या बायकांना प्रवेश सुलभ करणारा कायदा १९४५ मध्ये झाला होता. त्याचा लाभ घेण्यासाठी पॅरिसमध्ये काही विवाह लावले गेले. एकत्र राहावयाचे नाही असे आधीच ठरलेले होते. बहुमताने शिक्षा कायम केली. फ्रान्सच्या कायद्याने ते विवाह वैध होते की नाही हे पाहण्याची गरजच नाही, असे बहुमताचे म्हणणे. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी भिन्नमतपत्र जोडले. दोन सहकारी त्यांच्या बाजूस होते. विवाह जेथे लागला तेथील कायद्याने त्याचा काय अर्थ होतो, हे न पाहता आपला अर्थ तेथे जाऊन बसवू नये, असा त्यांच्या मुद्द्याचा रोख होता. खटल्यातील माणसे निरपराध होती असे मला म्हणावयाचे नाही; पण वाचनाचा नियम म्हणून जॅक्सन यांचे मत अधिक सावध आहे.

आपल्या शास्त्रात या प्रश्नाची चर्चा याहून सूक्ष्म झालेली आहे. निराळ्या निमित्ताने झालेली आहे एवढेच. श्रीशंकुकाचे अनुमितिवादाचे मत अभिनवगुप्ताने नोंदवून ठेवले आहे. नटाच्या ठिकाणी दिसणारे अनुभाव कृत्रिम असतात. तरी प्रेक्षक त्यांवरून रामाच्या रतीचे अनुमान करतो. चित्रातील घोडा पाहून "हा घोडा" असे आपण म्हणतो, तेव्हा ती प्रतीती सम्यक् नसते, मिथ्या नसते, संशयरूप नसते की सादृश्यरूप नसते. ती या चोहोंहून वेगळी असते. मुलाखत घेणारा अधिकारी हा शंकुकाच्या प्रेक्षकासारखाच आहे. पतिपत्नींचा स्थायी भाव त्यास दिसत नाही. त्यास दिसतात ते अनुभाव : सामायिक बँकखाते, घरभाड्याचा करार, विमापत्रातील वारसाचे नाव, छायाचित्रे, उत्तरांतील मेळ. या खुणांवरून त्याने आतील भावाचे अनुमान करावयाचे. परंतु शंकुकाच्या प्रेक्षकास जी चौथ्यापलीकडची प्रतीती मोकळी आहे ती या बिचाऱ्यास नाही. त्याच्यापुढे सत्य, मिथ्या व संशय हे तीनच रकाने आहेत. आणि सिद्धतेचा भार अर्जदारावर असल्यामुळे संशयाचा रकाना भरला की अर्जदाराचे पारडे खाली जाते.

शंकुकावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप येथेही लागू पडतो. जी खूण कृत्रिम आहे हे ठाऊक आहे तिच्यावरून खऱ्या वस्तूचे अनुमान कसे होणार? धुक्याला धूर समजून जो अग्नीकडे निघाला त्याच्या हाती काय लागणार? सामायिक बँकखाते ही विवाहाची खूण आहे हे सर्वांस ठाऊक झाल्या दिवसापासून ती खूण म्हणून निरुपयोगी झाली, कारण ठग ते खाते पहिल्या आठवड्यात उघडतो. खरे जोडपे ते उघडावयास विसरते. अशा रीतीने खुणांची यादी जितकी पक्की होत जाते तितकी ती खऱ्यांस गोत्यात आणते आणि खोट्यांस पुढे जाऊ देते. उत्तरे जुळली तर पाठ केलेली, न जुळली तर खोटी. कैचीच म्हणावयाची.

वाचकांच्या मनात येथे प्रश्न उभा राहील की, आपल्याकडे तरी विवाहाची खूण काय मानली आहे? आपल्याकडील कायद्याने हेतूकडे जवळजवळ पाठ फिरवून विधीस धरलेले आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढीनुसार लागावा, आणि सप्तपदी हा त्या विधीचा भाग असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात द्विभार्येच्या आरोपाचा विचार केला. दुसरा विवाह गांधर्व पद्धतीने झाला होता. होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही. अलीकडे पाचसात वर्षांत लोकांनी ते गाळले आहेत एवढ्याने रूढी बनत नाही. म्हणून तो विवाह विधिवत् लागलाच नाही आणि म्हणून गुन्हाही नाही, असा निर्णय झाला. त्या दोघांचा हेतू काय होता हे न्यायालयाने विचारलेच नाही. हेतू बहुधा अगदी खरा असावा! पहिल्या पत्नीच्या पदरी काय पडले, हा वेगळा आणि कडू प्रश्न आहे.

याच्याही मागे जाऊन रखमाबाईंचा खटला पाहावा. अकराव्या वर्षी लग्न. पतीच्या घरी नांदावयास त्या कधी गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये पतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी, जो संसार सुरूच झाला नाही तो पुनः स्थापित कसा करावयाचा, या विचाराने दावा फेटाळला; अपिलात ते उलटले; १८८७ मध्ये नांदावयास जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम झाला. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. एकत्र आयुष्य उभे करण्याचा हेतू हा अमेरिकन निकष तेथे लावला असता तर हा विवाह पहिल्याच मुलाखतीत बाद झाला असता. रखमाबाईंना तेच हवे होते. एकाच खुणेचा अभाव एका स्त्रीस मुक्त करू शकला असता आणि दुसऱ्या स्त्रीस हद्दपार करू शकतो. म्हणून हेतूचा निकष मुळातच वाईट, असे म्हणण्यास मी तयार नाही.

नाटककार देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' रंगभूमीवर आणले, त्यात विवाहाच्या खरेपणाचा निर्णय धर्मपीठाकडून करविला आहे. भुजंगनाथाशी लागत असलेले लग्न सगोत्रतेच्या कारणाने मोडते. मग अर्धवट विधी झालेल्या मुलीचे पुढे काय, हा पेच येतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने कोदंडाशी तिचा विवाह होतो. आपले समीक्षक हा शेवट सोयीचा म्हणून नाक मुरडतात. मला तो आज तसा वाटत नाही. देवलांच्या हे लक्षात आले होते की, भद्रेश्वर दीक्षितासारखा मध्यस्थ ज्या समाजात उजळ माथ्याने वावरतो तेथे फसवणूक ही विधीच्या बाहेर राहत नाही. ती विधीच्या आत शिरून, सर्व मंत्र बरोबर म्हणून केली जाते. अशा फसवणुकीस विधीच्याच एका काटेकोर नियमाने अडविणे, हा त्यांना सुचलेला उपाय होता. हेतूची परीक्षा घ्यावयास कांचनभटास कोणी वेगळ्या खोलीत बसविले असते तर त्याने मुलीच्या कल्याणाचेच पुराण लावले असते.

अलीकडे या दोन पद्धती एकमेकींवर येऊन आदळल्या आहेत. व्हिसाची घाई असते. मुहूर्त डिसेंबरातला असतो. म्हणून आधी नोंदणीचा दाखला काढून ठेवावयाचा आणि मांडव मागाहून घालावयाचा, ही रीत पुण्या-मुंबईत आणि आता नांदेड-परभणीतही चांगल्या घरांतून दिसते. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात या रीतीचा उल्लेख करून असे ठरविले की, विधी झालेला नसताना काढलेला नोंदणीचा दाखला विवाह निर्माण करीत नाही. म्हणजे असा दाखला घेऊन जे जोडपे परदेशात गेले, ते तेथील कार्यालयाच्या दृष्टीने कदाचित खरे आणि येथील कायद्याच्या दृष्टीने अविवाहित! माझ्या भाचीची स्थिती नेमकी उलटी. हट्ट्यास विधी यथासांग झाला, परंतु ग्रामपंचायतीत नोंद मात्र चार महिन्यांनी, म्हणजे अर्जास दाखला हवा म्हणून केली. नोटिशीने त्या तारखेवरही बोट ठेवले आहे.

पत्नी म्हणून राहण्याचा हक्क मिळणे ही गोष्ट आपल्या भागास परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. हट्टा आणि सारा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा १९१९ च्या मुल्की नियमांत मुल्की कोणास म्हणावे याची जी कलमे होती, त्यांत 'मुल्की पुरुषाची पत्नी' हे एक स्वतंत्र कलम होते. परक्या पुरुषास मुल्की होण्यासाठी पंधरा वर्षे कायम वास्तव्य करून मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. पत्नीस विवाह पुरत असे. या नियमांवरून १९५२ मध्ये हैदराबाद व वरंगळ येथे विद्यार्थ्यांचे उग्र आंदोलन झाले, त्यात बनावट मुल्की दाखल्यांची तक्रार प्रमुख होती. पत्नीच्या कलमाचा मात्र बोभाटा त्या आंदोलनात प्रमुख झाला नाही. याचे कारण मला असे दिसते की, पत्नी पतीच्या घरी येते यात त्या समाजाला संशयास्पद काहीच वाटत नव्हते. १९५६ मध्ये मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडला. तेलंगणापुरते हे नियम पुढेही राहिले, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य ठरविले आणि १९७३ च्या बत्तिसाव्या घटनादुरुस्तीनंतर तो अध्याय संपला.

संशय नेमका कोठे उत्पन्न होतो, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून चांगले कळते. तेथे १९८० च्या नियमांपासून १९९७ पर्यंत, विवाहाचा मुख्य उद्देश प्रवेश मिळविणे हा नव्हता, असे अर्जदारास सिद्ध करावे लागे. नसलेली गोष्ट सिद्ध करावयाची. भारतीय उपखंडातील वरांना याचा विशेष फटका बसला, आणि त्यामागील युक्तिवाद पाहण्यासारखा आहे : तुमच्या रूढीप्रमाणे वधू सासरी जाते, येथे वर वधूच्या देशी येत आहे, अर्थात काही वेगळा हेतू आहे. घरजावयाविषयीची आपली जुनी कुत्सित नजर अशी परक्या सरकारच्या उपयोगी पडली! रूढी पाळली नाही म्हणून संशय. आणि माझ्या भाचीच्या बाबतीत रूढी पाळली म्हणून संशय. याच ब्रिटनमध्ये १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी येणाऱ्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी झाली. नियोजित वधूस प्रवेशपरवाना लागत नसे, पत्नीस लागे. ती आधीच कोणाची पत्नी असेल असा अधिकाऱ्यांस संशय होता. कागदावर विश्वास नसला की वाचक शरीराकडे वळतो.

अमेरिकेतील आजचा कडकपणा १९८६ च्या कायद्यातून आला. विवाहास दोन वर्षे झाली नसतील तर वास्तव्य सशर्त मिळते आणि ती मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करावा लागतो. हा कायदा होण्यापूर्वी, १९८५ मध्ये, अशा अर्जांपैकी ३० टक्के संशयास्पद असल्याचा अंदाज तेथील विधिमंडळापुढे मांडण्यात आला होता. त्या अंदाजाखालची पाहणी शास्त्रशुद्ध नव्हती, हे पुढे न्यायालयीन कामकाजात उघड झाले. कायदा राहिला. सशर्त काळात पतीच्या सहीवाचून पत्नीचे पाऊल पुढे पडत नसल्याने छळ सोसणाऱ्या बायकांची जी कोंडी झाली, तिच्यासाठी पुढे सवलती कराव्या लागल्या.

इतके लिहिल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख वकिली होईल. पैसे घेऊन लग्न लावून देणारे दलाल आहेत. परदेशस्थ वराने हुंडा घेऊन, आठ दिवस राहून पत्नीस माघारी टाकून दिल्याची प्रकरणे मराठवाड्यातही ऐकावयास मिळतात, आणि त्या मुलींच्या आयांनी जर म्हटले की तुमच्या कार्यालयाने त्या मुलास आधीच नीट खोदून विचारले असते तर बरे झाले असते, तर त्यांस काय उत्तर द्यावे? संशय घेणारा वाचक हा सर्वथा वाईट वाचक नव्हे. संहिता-चिकित्सेचा पाया संशयच आहे. हस्तलिखितातील प्रत्येक ओवी ज्ञानेश्वरांची मानून चालणाऱ्या संपादकास आपण संपादक म्हणत नाही.

आणि आता पाचवा आक्षेप. अर्जासोबत नातेवाइकांची तीन प्रतिज्ञापत्रे जोडली होती : आक्काचे, मुलाच्या काकांचे आणि माझे. नोटीस म्हणते की, या तिन्ही पत्रांची भाषा एकाच हातची आहे. तीन वाक्ये शब्दशः समान आहेत. तेव्हा त्यांवर विश्वास ठेवता येत नाही. हे वाचन अचूक आहे. तिन्ही पत्रे मीच लिहिली होती. आक्काला इंग्रजी येत नाही, काकांना लिहावयाचा कंटाळा; मी हौसेने पुढे झालो आणि "परंपरेने पवित्र मानलेल्या बंधनात" इत्यादी चांगली वजनदार वाक्ये तिघांच्या तोंडी घातली. पंचवीस वर्षे मी विद्यार्थ्यांस सांगत आलो की, दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्यांचा मूळ स्रोत एक समजावा. त्या अनोळखी अधिकाऱ्याने हा नियम मला शिकविला. अकरा पानांत त्याचे एवढे एकच अनुमान निर्दोष आहे आणि त्याने ज्याच्यावर बोट ठेवले तो दोष भाचीचा नाही. ती दूरध्वनीवर एवढेच म्हणाली, "मामा, तुम्ही चांगल्यासाठीच केलं." यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

उत्तर देताना आम्ही माझी वाक्ये मागे घेतली. शाळेच्या निर्गम उताऱ्याची प्रत, गुरुजींनी १ जून का लिहिली याविषयी काकांचे स्वतःच्या अक्षरातले मराठी पत्र, दोन नावांची नोंद असलेले प्रतिज्ञापत्र, दोघांच्या येण्याजाण्याची तिकिटे असे सारे जोडले. आक्काने तोंडी सांगितले व मी शब्दही न बदलता उतरून घेतले. ती प्रथम म्हणाली, "माझ्या लेकीचं लगीन झालं का न्हाई, हे आता मी सांगावं व्हय?" मग सांगू लागली. हळदीच्या दिवशी पाणी कसे कमी पडले, वऱ्हाडाची गाडी वसमतच्या अलीकडे कशी बंद पडली, जेवणाच्या दुसऱ्या पंगतीत वरण कसे संपले. वधूवरांविषयी तिने जवळजवळ काहीच सांगितले नाही. शपथपत्रावर पतीचे नाव विचारले तेव्हा ती गप्प बसली. "ह्यांचं नाव तुम्हीच घाला," म्हणाली. मी ते घातले, आणि घालणारा मी आहे हेही खाली लिहिले. हे पत्र पुरावा म्हणून किती उपयोगी पडेल हे वकिलासही सांगता येईना. मला मात्र त्या धारिकेत दुसरा कोणताही कागद इतका खरा वाटत नाही. पण माझे वाटणे हा पुरावा नव्हे.

शेवटी आक्काने ट्रंकेतून आहेराची वही काढून दिली. चौरेचाळीस पाने, चार-पाच जणांची अक्षरे, मधे हळदीचे डाग. कोणी अकरा रुपये, कोणी एकशे एक, कोणी लुगडे-चोळी, कोणी स्टीलचा डबा. तिची प्रत काढून इंग्रजी भाषांतर करण्याचे काम माझ्याकडे आले. तिसऱ्या पानावर एक ओळ आहे : "मामा — पितळी घागर, साडी." त्या ओळीत माझे नाव नाही. भाषांतरातही मी ते घातलेले नाही. समासात सही करून, सही करणारा वधूचा मामा आहे, एवढे लिहिले आहे. उत्तर मुदतीत पोहोचले. निर्णय अद्याप आलेला नाही.